जावयाच्या गाडीचा पत्रा

हातखंबा तिठ्याच्या थोडं अलीकडे, महामार्गाला लागून भागोजीची शेड होती. पिकअपच्या मागच्या हौद्यात पत्र्याचा तळ बसवायचा, एवढंच काम तो वर्षानुवर्षं करत आला होता. मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघणाऱ्या गाड्यांचे हौदे फार टिकत नाहीत. बर्फ वितळतो, त्याचं खारं पाणी तळाशी मुरतं आणि लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून मालक मूळ तळावर दुसरा जाड, नक्षीचा पत्रा घालून घेतात.

भागोजी आधी हौद्यात पुठ्ठा अंथरायचा. चाकांवरचे उंचवटे, कोपऱ्यांचे बाक, सगळं त्या पुठ्ठ्यात कापून घ्यायचा आणि मग पुठ्ठा पत्र्यावर ठेवून खडूने रेघ मारायचा. पत्रा कापला की हौद्यात असा बसे की कडेला सुपारीचं खांडही शिरू नये. पण वेल्डिंग मारून तो कायमचा चिकटवायला मात्र भागोजी कधी तयार नसे. खाली रबराच्या पट्ट्या आणि वरून बोल्ट. पावसाळ्यात मच्छीमारी बंद असते तेव्हा मालकाने बोल्ट सोडायचे, पत्रा उचलायचा, खालचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं आणि काळं तेल फासायचं. ज्याला हे पटत नसे त्याला तो सरळ सांगे, “मग तू दुसरीकडं जा बाबा. माझं नाव खराब करू नको.”

त्या नावावरच शेड चालली होती. मिरकरवाड्यातले व्यापारी भिकाजीशेठ आपली प्रत्येक गाडी त्याच्याकडे पाठवत आणि दुसऱ्यांनाही पाठवत.

भागोजीला एकच मुलगी, ज्ञानेश्वरी. तिचा नवरा हर्षद इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. आता त्याने जुनी का होईना, स्वतःची पिकअप घेतली होती. हारासकट गाडी शेडसमोर उभी करून तो उतरला.

“मामा, तळ घालायचाय. पण तुमची ती बोल्टांची भानगड नको. टब ओढताना अडकतात, गाडी खडखड वाजते. चारी बाजूंनी वेल्डिंग मारा. एकदम प्लेन.”

“जावईबापू, खारं पाणी खाली शिरणारच. आत कोंडून राहील. वरून काय दिसणार नाय, पण खालून हौदा जाईल.”

“म्हणजे मला गाडीतलं कळत नाय?” हर्षद हसला.

ते हसणं भागोजीच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पान वाढायला उशीर झाला म्हणून तो असाच हसला होता, आणि ज्ञानेश्वरीला माहेरीच ठेवून एकटा निघून गेला होता. तिला न्यायला आला तो शिमगा उलटल्यावर.

भागोजीची बायको चिमा चहा घेऊन आली होती. तिने नवऱ्याला बाजूला ओढलं. “अवो, जावयाला नाय म्हणतात काय? पोरीला तिथं नांदायचं हाय.”

भागोजीने पत्रा मात्र नवाकोरा आणला, त्यावरचं तेलही सुकलं नव्हतं. आणि मनाविरुद्ध चारी बाजूंनी वेल्डिंगचा टाका मारला. टाका इतका सफाईदार आला की हर्षदने मोबाइलवर फोटो काढला. भागोजीला तिकडे बघवेना.

पावसाळ्यात त्याने दोनदा निरोप धाडला, गाडी घेऊन या, एक कड कापून आत बघू. हर्षद आला नाही. पुढच्या हंगामात एका सकाळी मिरकरवाड्यात भिकाजीशेठच्या बांगड्याचे टब भरून गाडी वळत होती, तेवढ्यात मागच्या फाळक्याजवळचा तळ खाली बसला. वरचा पत्रा शाबूत होता, पण खाऱ्या पाण्याने इतका डागाळला होता की नवा की जुना ते बघून कळत नव्हतं. त्याच्याखालच्या मूळ तळाचा भुगा झाला होता. टब रस्त्यावर गेले, बांगडे चिखलात. बघ्यांमध्ये कोणीतरी विचारलं, “काय रे, तळ कुणी घातला?” आणि हर्षद ओरडला, “सासऱ्यानं! भंगारातला पत्रा मारला मला!”

त्याच दिवशी ज्ञानेश्वरी एसटीने माहेरी आली. पाणीसुद्धा न पिता बापासमोर बसली.

“बाबा, तुम्ही शेठना सांगा, पत्रा जुना होता म्हणून.”

“बाय, पत्रा नवा होता.”

“मला म्हाईत नाय काय? पण ह्यांनी सांगून वेल्डिंग मारून घेतलं असं कळलं तर शेठ ह्यांना परत माल देणार नायत. म्हणतील, ज्याला गाडी राखता येत नाय त्याला मासळी कशी द्यायची? मग माझ्यावरच येणार सगळं. तुमचं काय, बाबा? तुम्ही किती दिवस काम करणार?”

भागोजी दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यात गेला. लिलाव आटोपला होता. भिकाजीशेठ खुर्चीवर बसले होते, भोवती गाड्यांचे ड्रायव्हर.

“भागोजी, काय ऐकतोय मी?”

“खरं हाय शेठ. पत्रा जुना होता. चुकलं माझं.”

भिकाजीशेठनी हातातली हिशेबाची वही मिटली.

“स्वतःच्या जावयाला जुना पत्रा घातलास?” ते म्हणाले. “मग आमच्या गाड्यांना काय घातलं असशील रे?”

एक ड्रायव्हर मागून म्हणाला, “अरे, बोल्ट लावतो तो त्यासाठीच. सडला की काढायला सोपा!” सगळे हसले.

त्यानंतर मिरकरवाड्याच्या गाड्या शेडसमोरून न थांबता जाऊ लागल्या. भागोजी घरांच्या खिडक्यांना जाळ्या आणि पाण्याच्या टाक्यांना स्टँड करून देऊ लागला. हर्षदला शेठचा माल मिळत राहिला.

पुढे ज्ञानेश्वरी माहेरपणाला आली. जेवताना आईशी बोलत होती. “आये, ह्यांनी पलीकडच्या शेडमधून तळ घालून घेतला. छान झालाय. बाबांनी तेव्हाच नवा पत्रा घातला असता तर एवढं रामायण झालंच नसतं.”

चिमाने पळी पातेल्यातच सोडली. “अगो, काय बोलतंस तू? पत्रा तर...”

भागोजीने मान हलवून तिला गप्प केलं आणि मुलीच्या तोंडाकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती, लपवतही नव्हती. बांगड्याचा काटा काढता काढता सहज बोलली होती.

“जाऊ दे आता,” तीच म्हणाली. “वय झालं की नजर चुकते माणसाची. ह्यांनी कधीच मनातून काढून टाकलंय. तुम्ही पण काढा, बाबा.”

तिने आपल्या ताटातला मधला तुकडा उचलून बापाच्या ताटात ठेवला.

“व्हय बाय,” भागोजी म्हणाला. त्याने तो तुकडा भाताखाली सरकवला आणि चिमाकडे आमटी मागितली.