मागच्या खुर्चीवरून

ठाकुर्लीच्या हॉलवर बारसं असो, लग्न असो की शोकसभा, माइक हरिहर परबांचाच; त्यांचं सामानही तिथेच ठेवलेलं असे. निवेदकाचा आवाज कितीही फाटका असला तरी परब आवाज घुमवणारं इकोचं बटण जरासं फिरवायचे, की तो गडी स्वतःला गंधर्व समजू लागायचा.

माइक जोडून झाला की ते विचारत, "आवाज येतोय?" मग अगदी मागच्या खुर्चीवरून त्यांची बायको मंदाकिनी सांगे, "येतोय." वर्षानुवर्षं हाच शिरस्ता. स्वतःहून काही बोलणं त्या बाईच्या स्वभावातच नव्हतं.

गेल्या पौषात ती गेली. त्यानंतरच्या पहिल्याच कामाला परबांनी सवयीने विचारलं, "आवाज येतोय?" रिकाम्या हॉलच्या मागच्या खुर्चीवरून उत्तर आलं, "येतोय." बायकी आवाजात. परबांनी दचकून मशीनकडे पाहिलं. इकोचं बटण चालू दिसलं तेव्हा त्यांनी स्वतःलाच वेड्यात काढलं.

पण त्याच कार्यक्रमात एका प्राध्यापिका बाईंनी सांगितलं, की इको ही ग्रीक पुराणातली मुलगी. तिला शाप होता, दुसऱ्याचे शेवटचे शब्दच तेवढे परत म्हणायचे. झुरून झुरून तिचा देह गेला आणि आवाज मागे राहिला. परबांच्या काळजात हे रुतून बसलं. मग काहीतरी निमित्त काढून ते हॉलवर जायचे, तोच प्रश्न विचारायचे, तेच उत्तर ऐकून घरी यायचे.

ठाण्याला राहणारा त्यांचा मुलगा रत्नदीप म्हणाला, "बाबा, बास झालं आता. सामान विकू, तुम्ही आमच्याकडे चला." गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. टेम्पो यायच्या दुपारी परब आधीच हॉलवर जाऊन बसले. सामान जाण्याआधी त्यांना एकच कळायला हवं होतं, मागे खरंच ती आहे, की आपलाच आवाज फिरून येतो. नुसता इको असेल, तर आपण गप्प राहिलो की तोही गप्प राहील.

त्यांनी इको बंद केला, पंखा बंद केला, माइक चालू केला आणि तोंड मिटून उभे राहिले.

बराच वेळ काहीच झालं नाही. परबांचे डोळे भरून आले. न्या बापडे सामान, असं मनाशी म्हणत त्यांनी वायर काढायला हात घातला.

"अहो," मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "आवाज येत नाहीये."

रत्नदीप नुकताच दारात येऊन उभा राहिला होता. "बाबा, आई बोलली?"

"टेम्पो परत पाठव," परब म्हणाले आणि माइक तोंडाजवळ ओढून त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "आता?"