आईनं घासलेला मायक्रोस्कोप

आमची आई कुणावर जळत नाही, असं ती स्वतःच सांगते. शेजारणीची साडी, मामीचा फ्लॅट, कशाचं तिला काही नाही. फक्त काकूच्या प्रयोगशाळेचं नाव काढायचं नाही.

दोघी जावा, दोघीही विज्ञान शिकवतात. काकूची शाळा मोठी, म्हणून शिक्षण खात्यानं तिथं नवी प्रयोगशाळा दिली, टेबलागणिक मायक्रोस्कोप. आईच्या शाळेत मुलं कमी, म्हणून एकच. तोही जुना, पितळी. सगळे वर्ग त्याच्यापुढं रांग लावतात.

"मुलं कमी म्हणून सामान कमी, आणि सामान कमी म्हणून मुलं तिकडं," आई भाजी चिरता चिरता म्हणायची. "हा कुठला हिशेब?"

बाबा पेपर आणखी वर धरायचे. एकीकडं बायको, दुसरीकडं भावाची बायको. मधे पेपरच बरा.

मग खात्यानं नियम काढला: पडून असलेलं सामान उचलायचं आणि जिथं वापर आहे तिथं द्यायचं. साहेब तपासणीला येणार आणि काकूच्या शाळेतूनच इकडं येणार, हे कळल्यावर आई पेटली. तिथलं पाहून आल्यावर आपलं कळकट दिसायला नको, म्हणून रविवारभर तिनं मायक्रोस्कोप घासला. शाईचे डाग, खडूची पूड, पोरांच्या बोटांचे ठसे, सगळं साफ. वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. घरातली भांडी तिनं इतक्या मायेनं घासलेली मी तरी पाहिली नाहीत.

सोमवारी साहेब आले. मदतीला काकूही होती.

साहेबांनी पिशवी काढली. "अगदी कोरा. म्हणजे वापर नाही." मग काकूला म्हणाले, "तुमच्याकडं पाठवून देऊ."

"सर, रोज वापरतो आम्ही," आई म्हणाली.

"मग एकही डाग कसा नाही, बाई?"

आईनं मायक्रोस्कोपकडं पाहिलं, मग काकूकडं.

"हिच्यावर जळून घासलाय, सर."

साहेब खोकले. काकू मात्र खुलली. थोरल्या जावेकडून इतक्या वर्षांत तिला मिळालेली ही पहिलीच दाद.

"राहू द्या सर, इथंच," ती म्हणाली. "आणि जाऊबाई, शनिवारी दुपारी आमची प्रयोगशाळा बंदच असते. मुलांना घेऊन या की."

आई घेऊन गेली. मुलं हलायला तयार नव्हती म्हणे.

"कशी आहे गं प्रयोगशाळा?" बाबांनी पेपरामागून विचारलं.

"ठीक आहे," आई म्हणाली. "खिडक्या जरा जास्तच मोठ्या आहेत. उजेड फार येतो."