मंडळीनं आमेन म्हटल्यावर

टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात मिशनची मुलींची शाळा आहे. तिथं मी अकरा वर्षं गणित शिकवतो. उदगीरला, आमच्या गावी गेलो की लोकांना वाटतं, मिशनरी म्हणजे झाडाखाली उभा राहून प्रवचन करणारा माणूस. माझ्या हातात बहुतेक वेळ खडू असतो. वर्गात चौसष्ट मुली, आणि त्यांना वर्गसमीकरणं समजली पाहिजेत, एवढं माझं काम. बायको त्याच शाळेचं वसतिगृह सांभाळते.

गेल्या जूनमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा लेकीचा प्रश्न सोडवायचा होता. ती सोळा वर्षांची, तिकडची दहावीच्या बरोबरीची परीक्षा झालेली. तिला डॉक्टर व्हायचंय. पुढची दोन वर्षं तिला लातुरात ठेवायची की बरोबर परत न्यायची? आमच्या भागात हा प्रश्न कुणाला पडत नाही. पोरगं चाकूरचं असो की लोह्याचं, डॉक्टर व्हायचं म्हटलं की त्याला लातूरला धाडतात. त्यात माझी मोठी बहीण लातुरातच राहते. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आता निवृत्त आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीन खोल्यांच्या घरात ती एकटी.

हिशोब करायला बसलो तर सगळं लातूरच्याच बाजूनं निघत होतं. तिकडं वरच्या वर्गांना भौतिकशास्त्राचा शिक्षक नाही. इथं गल्लोगल्ली क्लास. एकच गोष्ट उलट्या बाजूची होती. आम्हाला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते. म्हणजे पुढच्या वेळी लेक भेटेल तेव्हा अठराची असेल आणि कॉलेजात जायला निघालेली असेल. आत्ता ठेवून गेलो की तिचं आमच्या घरात राहणं संपलंच. हे मी कुणाजवळ बोललो नाही. देवाच्या कामासाठी घर सोडून गेलेल्या माणसानं असलं काही बोलावं का, ते मला कळत नव्हतं. बहिणीनं तिला ठेवून घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणालो, "अक्का, विचार करून सांगतो."

रविवारी तिच्याबरोबर लातूरच्या चर्चमध्ये गेलो. आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचे तो उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो आणि सगळे आमेन म्हणतात. कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कुणाच्या बोअरला पाणी. त्या दिवशी अक्का उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या भावाची लेक शिक्षणासाठी माझ्याजवळ राहणार आहे. देवानं माझं घर भरलं. त्याचे उपकार."

सगळी मंडळी मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

आमच्यात एकदा आमेन झालेली गोष्ट कुणी माघारी घेत नाही. निदान मी तरी पाहिलेली नाही. बायको माझ्याकडे वळून कुजबुजली, "तुम्ही हो म्हणालात अक्कांना?"

"नाही."

"मग उठा ना, सांगा."

मी उठलो नाही.

उपासना सुटल्यावर बायकांनी लेकीला गराडा घातला. तिचं मराठी आमच्या घरच्या प्रार्थनांतून आणि बायबलमधून आलेलं. तिकडं दुसरं मराठी तिला मिळणार तरी कुठून?

"सलाम गं बाई. आता हितंच ऱ्हाणार म्हण की!" एकीनं तिचा हात हातात घेऊन म्हटलं.

"त्याविषयी मला अद्याप ठाऊक नाही," ती म्हणाली.

"अगं आई गं! ही तर पवित्र शास्त्र वाचायलीय!" एक म्हातारी हसत म्हणाली. "आत्याजवळ ऱ्हा चार महिने, नीट बोलायला लागशील."

लेकही हसली. रिक्षात मात्र ती सारखी बाहेरच बघत बसली.

घरी आल्यावर अक्का भाकरी थापायला बसली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आत्या, तू मला विचारलं नाहीस."

"तुझ्या बापाला इचारलं की."

"पप्पा काय म्हणाले?"

"इचार करून सांगतो म्हणला. त्याचा इचार मला ठाऊक हाय. लहानपणी चड्डी घ्यायची तर तीन दुकानं फिरायचा."

"मी पाच वर्षांची होते तेव्हाही असंच झालं होतं," लेक म्हणाली. "चर्चमध्ये पाळकसाहेबांनी आईपप्पांच्या डोक्यावर हात ठेवले, सगळे आमेन म्हणाले आणि आम्ही आफ्रिकेला गेलो. मला कुणी विचारलं होतं?"

"पाच वर्साच्या लेकराला काय इचारायचं असतंय?"

"आता तर मी सोळाची आहे."

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. मग लेक माझ्याकडे वळली. "पप्पा, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी क्लास, शिक्षक, प्रवेशपरीक्षा सगळं सांगायला लागलो. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं. "हे मला माहीत आहे. तुम्हाला काय हवं आहे?"

"तू आमच्याबरोबर हवी आहेस," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे तिला कधीपासून ऐकायचं होतं.

"मलाही तेच हवं आहे," लेक म्हणाली. "डॉक्टर नाही झाले तर तुम्हाला दोष देणार नाही."

अक्कानं पिठाचे हात धुतले. "मंग पुढच्या रविवारी तूच उठून सांग मंडळीला. मी न्हाई सांगणार. मला लाज वाटते." आणि डोळे पुसून तिनं लेकीला पहिलं ताट वाढलं.

पुढच्या रविवारी लेक उभी राहिली. ती आईबापांबरोबर परत जाणार आहे, आत्याचं मन मोठं आहे आणि मंडळीनं आत्याला एकटं वाटू देऊ नये, असं तिनं तिच्या त्या पुस्तकी मराठीत सांगितलं. आमेन जरा उशिरा आलं, विस्कळीत आलं. अक्का म्हणाली की नाही, मला ऐकू आलं नाही.

ही गोष्ट मी सोपी करून सांगत नाही. इकडं टांझानियात अजून भौतिकशास्त्राचा शिक्षक आलेला नाही. मीच तिला शिकवतो, आणि मी त्या विषयात कच्चा आहे. तिला मेडिकलला प्रवेश मिळण्याची शक्यता आम्ही कमी केली, यात शंका नाही. कधी ती उदाहरणाशी झटत असते तेव्हा मला वाटतं, त्या दिवशी अक्काच्या स्वयंपाकघरात मी गप्प राहायला हवं होतं. कधी ती जेवताना शाळेतल्या बाईंची नक्कल करून आईला हसवते, तेव्हा तसं वाटत नाही.

अक्कानं नंतर खोली क्लासच्या दोन मुलींना दिली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आधी तिनं मुलींच्या तक्रारी सांगितल्या: पंखा बंद करत नाहीत, भात टाकून देतात. मग आवाज खाली आणून म्हणाली, "लोह्याची पोरगी लई रडायलीय रे. आईची आठवण येते म्हणते. मला काय बोलावं कळंना. तुझ्या लेकीला दे जरा, तिच्याच वयाची हाय, तिला कळंल."

लेकीनं वही बाजूला ठेवली आणि फोन घेतला. पलीकडून बराच वेळ त्या मुलीचे नुसते हुंदके ऐकू येत होते. मग लेक फोन घेऊन अंगणात गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.