खाकरणारा खुनी

माझ्या सिनेमातला खुनी घरात शिरण्याआधी खाकरतो.

मी असं लिहिलं नव्हतं हो! तोंड झाकलेला खुनी एकेकाला गाठून कापतो, असले सिनेमे फोनवर बघून मी लिहिलं होतं, ‘खुनी मांजराच्या पावलांनी येतो.’ पण खुन्याचं काम मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे होतं. (उंची, मिशा, डोळे, सगळं तयार!) आणि न खाकरता ते जन्मात कधी घरात शिरले नव्हते. आत भावजय असते, तिला पदर सावरायला वेळ नको?

खून नेमका त्या भावजयीचा, म्हणजे माझ्या आईचा करायचा होता. आमच्या कुरुंदा गावात किंचाळावं तर आईनंच. तिची हाक शेताच्या पार टोकाला पोचायची.

मला पुण्याला जाऊन कॅमेरा शिकायचा होता. बाबा स्वतः कारकून, त्यामुळं मीही कारकुनीच्या परीक्षेला बसावं हा त्यांचा हट्ट. महिनाभर माझी कटकट ऐकून ते म्हणाले, "भीतीचा शिणिमा काढून राहिला न? एक माणूस जरी घाबरला, तर जा पुण्याला. न्हाई घाबरला, तर गुपचूप अभ्यासाला बसायचं."

हळदीची पोती ठेवायच्या खोलीत, भर दुपारी, खिडकीला घोंगडी लावून आम्ही रात्र केली. हळदीत चुना कालवून लालभडक रक्त केलं. तोंडाला काळं फडकं बांधून, कोयता घेऊन मोठे बाबा दारात आले आणि खाकरले. आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला आणि ती भिंतीला सरकून वाट देऊन उभी राहिली.

"कट! आई, काहून उठलीस?"

"मोठी माणसं आली. बसून राहू व्हय?"

"अगं, ते खुनी हायेत!"

"असंनात. नात्यानं भासरे हायेत."

कशीबशी बसवली. तर आता खुनी भिंतीकडे तोंड करून उभा! लग्न होऊन आई घरात आल्यापासून दोघं एकमेकांशी थेट बोलले नव्हते.

"तिला सांग, सरक म्हणाव. कोयता लागंल," मोठे बाबा मला म्हणाले.

"त्यांना सांग, लागत न्हाई म्हणाव," आई मला म्हणाली.

मधे दोन हातांचं अंतर, आणि खुनी-मयताचा निरोप्या मी!

"बरं, किंचाळ तरी!"

"त्यांच्यापुढं आवाज चढवू?" असं म्हणून आई हळूच "अगं बाई" म्हणाली. मोठ्या बाबांनी न बघताच कोयता हाणला, तो हळदीच्या पोत्यावर! भस्सकन पिवळा धुरळा उडाला, सगळे खोकून बेजार. गळ्याला रक्त लावलेली मयत उठली, पदर सारखा केला.

"विचार त्यांना, चहा घेता का."

"घेतो म्हणाव," खुनी म्हणाला.

फोन चालूच होता. तेही सिनेमात राहिलं.

मोठे बाबा आता नाहीत. तो सिनेमा लावला की आई अजून पदर घेते, मग त्याच पदरानं डोळे पुसते. मलाही राहवत नाही.

तेव्हा मात्र रडू आलं ते वेगळ्या कारणानं. रविवारी भिंतीवर चादर लावून गल्लीला सिनेमा दाखवला. आई वाट देऊन उभी राहिली तिथं माणसं लोळायला लागली. खुद्द मोठे बाबा उपरण्यानं डोळे पुसत हसत होते. शेजारचं सतत रडणारं लेकरूसुद्धा खिदळलं! माझं पुणं गेलं, हे मला कळून चुकलं. फक्त बाबा हसत नव्हते. डोक्याला हात लावून बसले होते.

मी जवळ गेलो. "बाबा, कोणीच घाबरलं न्हाई. बसतो परीक्षेला."

"थांब. एक जण घाबरला."

"कोण?"

"मी!" बाबा म्हणाले. "येवढं हसं होऊनबी तू हेच करणार, हे दिसून राहिलं मला. तुला कारकून केलं तर ऑफिसचीबी हीच गत करशील. जा बाबा, जा पुण्याला!"

गेलो, शिकलो, आणि आता वसमतपासून हिंगोलीपर्यंत लग्नांचं शूटिंग करतो. भीतीचा सिनेमा पुन्हा काही जमला नाही. पण अल्बम हातात पडला की नवऱ्या किंचाळतात!