मार बाहेर

काल संध्याकाळी आमच्या कोल्हापुरात, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत भारताची फुटबॉलची मॅच बघत उभा होतो. आपल्याच गोलपाशी आपल्या एका खेळाडूकडे बॉल आला. त्यानं तो पायाखाली थांबवला आणि मान वर करून पास कुणाला द्यायचा ते पाहिलं. शेजारी उभे असलेले आप्पा ओरडले, "मार बाहेर, मार!" मग आम्ही सगळेच ओरडलो.

हेच आप्पा क्रिकेट असलं की निवांत चहा पितात. "घाई नको लेका, टिकून खेळ," असं टीव्हीला सांगतात. बॅट हातात असली की आम्हाला धीर धरता येतो. बॉल पायात आला की मात्र तो कधी एकदा जातोय असं होतं. आमच्या मैदानावर गोलसमोर बॉल घेऊन थांबणारा शिव्या खातो आणि गॅलरीत भिरकावणारा टाळ्या घेतो. ती भीती पायात कधी उतरते, कळतही नाही.

मॅच परदेशात चालली होती. आमचा आवाज त्या खेळाडूला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी त्यानं दचकून बॉल बाहेर मारला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. बॉल आता समोरच्या संघाचा झाला होता; त्यांचा एकजण थ्रो घ्यायला सावकाश चालत येत होता.