पोस्टकार्डावरची मेंढरं

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो तेव्हा माझ्या बुडाखाली भोवरा आहे, असं अख्खं होस्टेल म्हणायचं. साफ खोटं. दोन होते. शेवटच्या वर्षाला तर जेवताना मी ताट हातात घेऊन फिरायचो, कारण आष्ट्यात वडिलांची पिठाची गिरणी माझी वाट बघत होती. नोकरी लागली नाही की जूनपासून जन्मभर पांढऱ्या भुवया.

तेवढ्यात नोटीस बोर्डावर एका मोठ्या कंपनीचा कागद लागला. निसर्गाला धक्का न लावता चालेल असा धंदा विद्यार्थ्यांनी सुचवायचा. जिंकणाऱ्या जोडीला थेट कंपनीत नोकरी. तो कागद मी इतक्यांदा वाचला की त्याची शाई फिकी पडली.

माझा रूम पार्टनर माणदेशातल्या मेंढपाळाचा मुलगा. त्याचे वडील दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचे. शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्या पडल्या की रानाला वर्षाचं खत. मी म्हणालो, "गड्या, हाच धंदा! शेतकऱ्यानं पोस्टकार्ड टाकायचं, आपण तारीख द्यायची, मेंढरं हजर. ना कारखाना, ना धूर."

"लय हाणतोयस," तो म्हणाला. पण त्यालाही नोकरी हवी होती.

फॉर्मात मेंढरांचा आकडा लिहिताना माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं. ते एकटं दिसू नये म्हणून शेजारी आणखी एक दिलं. पुरावा म्हणून शेतकऱ्यांची पोस्टकार्डंही मीच लिहिली, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या.

आणि आमचा नंबर लागला की! पत्र आलं: कंपनीचे साहेब गुरुवारी धंदा प्रत्यक्ष बघायला येणार.

मेंढरं कॉलेजजवळच्याच एका मळ्यात होती, पण बुधवारी नदीपल्याड निघणार होती. मी धावत पार्टनरच्या वडिलांकडं गेलो.

"मामा, एक दिवस थांबा. माझ्या जल्माचा प्रश्न हाय."

"शब्द दिलाय रं पोरा. त्यो पल्याडचा गडी रान मोकळं करून बसलाय."

बुधवारी सकाळी मळा रिकामा.

गुरुवारी मी शेजारच्या वस्तीत घरोघर फिरलो. "आवं मावशी, दोन तासांपुरती शेरडं द्या."

"फोटू काढणार व्हय? मग शिंगास्नी त्याल लावून देते."

रिकाम्या मळ्यात बावीस शेरडं जमली; शेळ्या का असेनात, लांबून मेंढरंच वाटतील. साहेबांना दोन तास उशीर झाला. तेवढ्यात बांधावर येरझाऱ्या घालून मी एवढा खोल चर पाडला की मळ्याच्या मालकाला पुढं पाट काढावा लागला नाही. मी पाठ फिरवली तेवढ्यात धंद्याचा रंगीत तक्ता शेरडांनी खाल्ला.

शेवटी जीप आली. हॉर्न वाजला आणि सगळी शेरडं बिचकून आपापल्या घरी पळाली. मागं एक बोकड राहिला.

साहेबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "मेंढरांना दाढी असते का हो?"

मी म्हणालो, "साहेब, ही सुधारित जात..."

"न्हाई सायेब," पार्टनर मध्येच बोलला. "ह्यो बोकड हाय, आनि आमचा न्हाई. आमची मेंढरं पल्याड हायती."

मी त्याचा पाय तुडवला. जन्मभर मेंढरांमागं चाललेला पाय तो, दुखलं मलाच.

साहेबांनी आम्हाला जीपमध्ये घातलं. पुलावरून पल्याड गेलो. रानात मेंढरं पांगली होती आणि मामा काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

साहेबांनी विचारलं, "पोस्टकार्ड आलं म्हणून इथं आलात ना?"

"कसलं कार्ड?" मामा म्हणाले. "माजा बा ह्याच रानात बसवायचा, ह्याच्या मालकाच्या बापाच्या वक्ताला. आता मी बसवतोय."

"मग या मुलांनी नेमकं काय केलं?"

मामांनी आमच्याकडं बघितलं. आमचं भलं व्हावं म्हणून त्या माणसानं खरंच डोक्याला ताण दिला. "पोरं हुशार हायती सायेब," ते म्हणाले. "लिवत्यात लय."

साहेबांनी फाईल मिटली.

"आवं, पर बक्षीस कुनाला म्हनायचं?" मामांनी विचारलं.

"नियमात फक्त विद्यार्थी बसतात, बाबा," साहेब जमिनीकडं बघत म्हणाले. मग घाईनं नमस्कार करून ते जीपमध्ये बसले. आम्हाला परत न्यायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

धुरळा खाली बसायच्या आत मी पार्टनरवर तुटून पडलो. "गप बसला असतास तर काय बिघडत हुतं रं? गेली की नोकरी! तुजी बी गेली!"

"बोकडाला मेंढरू म्हनू? माझ्या बासमोर?"

"तुझा बा तिथं कुठं हुता?"

"माझ्यासाठी हुता," तो म्हणाला आणि बापाकडं चालता झाला.

मामांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला. "बस. खा."

"नको मामा, निघायचंय."

"कुटं?"

मी पुलाकडं बघितलं, मग हायवेकडं. त्यांनी भाकरी हातात कोंबली. मी उभ्यानंच घास मोडला आणि खात खातच हायवेच्या दिशेनं चालायला लागलो.