बोंड ज्याच्या हाती

काल वातींसाठी कापूस पिंजताना सरकीचा वास आला आणि मी थेट पंचावन्न-छप्पन सालच्या धानोऱ्याच्या शाळेत पोचले.

गुरुजी वर्गात कपाशीचं बोंड फिरवायचे. ते ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं.

"कापूस कधी वेचावा?" बोंड माझ्याकडे आलं. मला फक्त घरची अहिराणी यायची.

"सकायमा, गुरुजी. दव ऱ्हास तवय. मंग कचरा चिकटत नई."

सकाळी, दव असतं तेव्हा, एवढंच मी सांगितलं; पण माझी बोली ऐकून पुढे बसणारी हुशार पोरं हसली.

"बोंड तिच्या हातात आहे," गुरुजी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "सांग माय, आखो सांग."

गुरुजींच्या तोंडी 'आणखी'ऐवजी घरच्या बोलीतलं 'आखो'! जीव भांड्यात पडला. मी बोलतच राहिले.

तेव्हा वाटलं, त्यांनी पोरांना दटावलं. आता कळतं, ते बोंड आमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांसाठीच होतं.

त्या भरात मी ते पुढे द्यायचंच विसरले. तास संपला, तरी गुरुजींनी मागितलं नाही.